समन्सवरचा हवालदार

पोलीस ठाण्याच्या संख्याबळाचे तीन आकडे असतात: मंजूर, हजर आणि उपलब्ध. मंजूर आकडा मंत्रालयाच्या फायलीत असतो, हजर आकडा ठाण्याच्या हजेरीपटावर असतो आणि उपलब्ध आकडा सकाळी वरिष्ठ निरीक्षकासमोर उभा राहतो. मुंबईच्या उपनगरांत माझी बरीचशी नोकरी झाली, त्यातली शेवटची वर्षं वरिष्ठ निरीक्षक म्हणून गेली. या तीन आकड्यांमधली वजाबाकी हेच माझं रोजचं पहिलं काम असायचं. हजर असलेल्यांतून रजेवरचे काढायचे, आजारी काढायचे, प्रशिक्षणाला गेलेले, प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे बसलेले आणि साक्षीसाठी कोर्टात गेलेले काढायचे. राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात दाखल आरोपीच्या खाटेशेजारी गार्ड द्यावा लागतो, तो काढायचा. मंत्र्यांचा दौरा असेल तर आणखी काही जण. मग जे उरतात त्यांच्यावर ठाणं चालतं. आमच्या हद्दीत डोंगरावर चढत गेलेली वस्ती होती, खाली लघुउद्योगांचे गाळे होते आणि रस्त्यापलीकडे मोठे टॉवर होते. लाखांत मोजावी अशी लोकसंख्या आणि उरलेली ही मूठभर माणसं.

पैशाचंही तसंच. सरकार पोलिसांवर खर्च करतं, पण त्यातला बहुतेक पगारात जातो. ठाण्याच्या हाताशी रोख रक्कम जवळजवळ नसते. गाडीला डिझेल ठरलेल्या लिटरांत मिळतं. कागद, झेरॉक्स, पंचांचा चहा, आरोपीच्या शोधात उत्तर प्रदेशात किंवा झारखंडमध्ये जाणाऱ्या पथकाचं तिकीट, हा खर्च अनेकदा तपास अधिकारी खिशातून करतो आणि बिल मंजूर व्हायला महिने लागतात. फिर्यादीकडेच कागदाचं रीम मागण्याची घाणेरडी सवय इथूनच लागते. माझ्या हाताखालच्यांनी रीम मागितलेली मला माहीत होती आणि मी काणाडोळा केला.

पण मला जे सांगायचं आहे ते रीमबद्दल नाही. टंचाई होतीच, ती मी निर्माण केली नव्हती. त्या टंचाईत कशाला कात्री लावायची, हे मात्र मी ठरवलं. मी चुकीच्या ठिकाणी कात्री लावली.

आमच्याकडे समन्स-वॉरंटला एक हवालदार होते. वयाने माझ्याहून मोठे. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी असे आणि तिच्यात समन्सचे गठ्ठे. ते गठ्ठे तारखांप्रमाणे लावलेले नसत, चाळींप्रमाणे लावलेले असत. रजिस्टरच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत नोंदी असत: अमुक साक्षीदार रात्रपाळीला जातो, सकाळी नऊनंतर भेटतो, तमुक बाई मुलीकडे असल्फ्याला राहायला गेली, याचा फोन बंद असतो, शेजारच्या पिठाच्या गिरणीवर निरोप ठेवावा. समन्स बजावणं म्हणजे दोन प्रती घेऊन जायचं, एक साक्षीदाराच्या हातात द्यायची आणि दुसरीच्या पाठीवर सही घेऊन ती कोर्टात परत पाठवायची. ऐकायला सोपं आहे. पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे साक्षीदार घरी नसेल तर कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाकडेच समन्स देता येत असे. दुपारी वस्तीत दार उघडते ती बाई. म्हणून हवालदारांना संध्याकाळी पुन्हा डोंगर चढावा लागे. दिवसभर चालून त्यांच्या खात्यावर कधी चार, कधी पाच कागद जमा होत.

त्या वर्षी गणपतीच्या आधी मी ड्यूटी चार्ट घेऊन बसलो होतो. घाट, मिरवणुकीचे मार्ग, मोठी मंडळं, महिला पथक, रात्रीची गस्त. रकाने भरले तरी माणसं कमीच पडत होती. समोरच्या यादीत समन्सवरच्या हवालदारांचं नाव होतं. मनात पहिला विचार आला तो हा, की हा माणूस दिवसाला चार कागद वाटतो. मी त्यांना बोलावलं आणि म्हणालो, "हवालदार, गणपतीपुरतं बंदोबस्ताला या. समन्स बीट मार्शल वाटून घेतील." ते एवढंच म्हणाले, "साहेब, पोरांना घरं माहीत नाहीत." मी म्हणालो, "पत्ता लिहिलेला असतो की." त्यांनी सॅल्यूट केला आणि पिशवी ठाणे अंमलदाराच्या टेबलाखाली ठेवून गेले.

गणपतीनंतर नवरात्र आलं, गरब्याचे बंदोबस्त आले. मग दिवाळी, मग सहा डिसेंबर, मग एकतीस डिसेंबर, मग निवडणूक. हवालदार समन्सवर परत आले नाहीत, कारण मी त्यांना परत पाठवलं नाही. त्यांची आठवण काढावी असं काही घडतही नव्हतं. बंदोबस्तात एक माणूस कमी पडला तर वायरलेसवर लगेच विचारणा होते. समन्स परत गेलं तर कोणी विचारत नाही.

बीट मार्शलची मुलं चांगली होती. मोटारसायकलवर फिरायची, नियंत्रण कक्षाचा कॉल आला की पळायची. समन्स त्यांच्या खिशात घडी होऊन पडून राहायची. तारीख जवळ आली की घाईने एक फेरी व्हायची आणि समन्स शेरा मारून परत जायचं: सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. त्या शेऱ्याखाली माझी सही असायची. असे कागद मी न वाचता सह्या करून मोकळे केले, किती केले ते मला आता सांगता येणार नाही.

जवळपास दीड वर्षानंतर एक बाई ठाण्यात आल्या. साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या एका गाळ्यात काम करायच्या. रात्री घरी जाताना कोणीतरी त्यांना ढकलून पर्स आणि मोबाइल हिसकावला होता, हात मोडला होता. भादंवि ३९२ चा, म्हणजे जबरी चोरीचा, गुन्हा आम्ही दाखल केला होता, एका विशीतल्या मुलाला अटक केली होती, आरोपपत्रही वेळेत दिलं होतं. कागदावर तो आमचा उघड झालेला गुन्हा होता. बाई विचारायला आल्या होत्या की केसचं काय झालं, मोबाइल परत मिळेल का. मी फाइल मागवली. आरोपी सुटला होता. फिर्यादी अनेक तारखांना हजर झाली नाही, पंच मिळाले नाहीत, शेवटी कोर्टाने साक्षीपुरावा बंद केला होता.

मी त्यांना म्हणालो, "ताई, तुम्ही कोर्टात गेलाच नाहीत."

त्या म्हणाल्या, "साहेब, मला कोणी बोलावलंच नाही."

त्यांची चाळ झोपडपट्टी पुनर्वसनात पाडली होती आणि सगळी घरं संक्रमण शिबिरात गेली होती. ते शिबिर आमच्याच हद्दीत होतं, ठाण्यातून चालत दहा मिनिटांवर. आमच्या बीट मार्शलची मोटारसायकल रोज त्याच्या दारावरून जात होती. समन्सवर जुना पत्ता होता आणि तिथे आता पत्र्याचं कुंपण होतं. म्हणून शेरा खरा होता: दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. हवालदार समन्सवर असते तर त्यांनी शिबिरात जाऊन पहिल्याच फेरीत बाईंना गाठलं असतं. त्यांना ते घर कोणत्या खोलीत गेलं हे माहीत असतं, आणि माहीत नसतं तर त्यांनी शोधलं असतं.

बाई रागावल्या नाहीत. हात अजून पूर्ण वर उठत नाही, गाळ्यातलं काम सुटलं, एवढं सांगून उठल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी ती फाइल पहिल्यापासून वाचली. आरोपी मुलाला कोर्टाने जामीन दिला होता, पंधरा हजारांच्या जामीनदारावर. जामीनदार म्हणजे रेशनकार्ड, पगारपत्रक आणि आपल्यासाठी कोर्टात उभं राहायला तयार असलेला माणूस. यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं. जामीन मंजूर होऊनही तो आत राहिला. दर तारखेला फिर्यादी गैरहजर आणि पुढची तारीख. काही तारखांना त्यालाही आणता आलं नव्हतं, कारण एस्कॉर्टला माणसं नव्हती. त्यानेच ते केलं होतं का? मला वाटत होतं, हो. पण फिर्यादीने कोर्टात त्याला ओळखलं नाही आणि नाकारलंही नाही, कारण ती तिथे पोचलीच नाही. तो दोषी असेल तर शिक्षा झाली नाही, आणि निर्दोष असेल तर खटल्याआधीच भोगून झाली. दोन्हीकडून न्याय झाला नाही आणि दोन्हीकडे कारण एकच होतं.

मग मी खर्च मांडला. मी एका हवालदाराचे तास वाचवले होते. त्या बदल्यात काय गेलं? कारागृहाने एका कच्च्या कैद्याला पोसलं. आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता वर्षानुवर्षं ८०४ होती आणि आत तिच्या तिपटी-चौपटीने माणसं होती, त्यांत आणखी एकाची भर. प्रत्येक तारखेला त्याला आणायला शिपाई, गाडी, डिझेल. सरकारी वकील, न्यायाधीश, कारकून यांचा प्रत्येक तारखेचा वेळ. तपास अधिकाऱ्याची सगळी मेहनत. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. ते वाचताना मला आजवर कोर्टांची दिरंगाई आठवायची, त्या रात्री माझ्या सह्या आठवल्या. काटकसर म्हणून मी जे केलं त्यात एक रुपयाही वाचला नव्हता. तो खर्च माझ्या रजिस्टरातून कारागृहाच्या, कोर्टाच्या आणि त्या बाईंच्या घरच्या हिशेबात गेला होता. माझ्या रजिस्टरात तो दिसत नव्हता, एवढंच.

अशीच दुसरी चूक एका रिक्षाची. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरांत चालते, इथे ती हजारो घरांची चूल आहे. चोरीला गेलेली एक रिक्षा आम्ही पकडली आणि मुद्देमाल म्हणून ठाण्याबाहेर लावली. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं आहे की अशी वाहनं ठाण्यात सडवू नका, पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि लवकर मालकाच्या ताब्यात द्या. त्याला निधी लागत नाही. मालकाने कोर्टात अर्ज केला, कोर्टाने पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला, आणि तो एका पानाचा से आमच्याकडून जाईना, कारण तपास अधिकारी बंदोबस्तात होता आणि मी त्याला अर्धा दिवस मोकळं केलं नाही. मधे पावसाळा गेला. रिक्षा ताब्यात दिली तेव्हा हूड फाटलेलं होतं, बॅटरी नव्हती, मीटर नव्हता. पोलीस ठाण्याच्या दारात. बँकेचे हप्ते मात्र चालूच होते. चोराने त्या माणसाची रिक्षा काही दिवस नेली होती, आम्ही ती पूर्ण पावसाळा ठेवली.

तिसरी चूक माझ्या हातून आधीच झालेली होती, पण ती चूक आहे हे मला नंतर कळलं. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाची होती. त्याने ती लिहून मांडली आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली. बारा-बारा तास आणि त्याहून जास्त राबणाऱ्या दलात ही मोठी गोष्ट होती. प्रयोग हळूहळू इतर ठाण्यांत येणार असं दिसू लागलं तेव्हा मी त्याच्या विरोधात टिपण लिहिलं. माझं गणित साधं होतं: दोन पाळ्यांच्या तीन केल्या तर दीडपट माणसं लागतील, आणि तेवढी नाहीत. ते टिपण लिहिण्याआधी मी माझ्या ठाण्यातल्या एकाही शिपायाला विचारलं नव्हतं.

आमच्याकडे आठ तास आले तेव्हा माणसांची नव्याने वाटणी करणं भाग होतं. मी हवालदारांना आणि शिपायांना एकत्र बसवलं आणि कोण काय करतं त्याची यादी त्यांनाच करायला सांगितली. ती यादी वाचताना माझी मान खाली गेली. सीसीटीएनएस या गुन्हे नोंदींच्या संगणकप्रणालीत भरलेली माहिती पुन्हा हाताने रजिस्टरांत उतरवायला माणसं बसली होती. ई-मेलने जाऊ शकणारं टपाल घेऊन एक शिपाई रोज वरिष्ठ कार्यालयात जात होता. एक जण दिवसभर माझ्या केबिनबाहेर उभा असायचा, दार उघडायला. माझं दीडपटीचं गणित या सगळ्यांना कामावर धरून केलेलं होतं.

त्याच बैठकीत एका तरुण शिपायाने हात वर केला. "साहेब, समन्सला पुन्हा पूर्णवेळ माणूस द्या. साक्षीदार पहिल्या तारखेला आला तर आमच्या मागची वॉरंटं आणि कोर्टाच्या नोटिसा निम्म्या होतील." मी त्याच संध्याकाळी जुन्या हवालदारांना बोलावलं. त्यांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "पिशवी कुठंय साहेब?" पिशवी सापडली. रजिस्टरच्या मागच्या पानांवरच्या पेन्सिलीच्या नोंदी बऱ्याचशा निरुपयोगी झाल्या होत्या, कारण दरम्यान अर्धी वस्ती हलली होती. त्यांनी नव्याने सुरुवात केली.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. सण आले की आठाचे बारा तास व्हायचे. अधिकारी बदलले की प्रयोगाची धार कमी व्हायची. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे पंचावन्नच्या वरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं गेलं, ते योग्यच होतं, पण वस्ती ओळखणारी बहुतेक माणसं याच वयाची असतात. जानेवारी २०२२ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांची ड्यूटी प्रायोगिक तत्त्वावर जाहीर झाली. २०२३ मध्ये मुंबईतली मनुष्यबळाची तूट भरायला राज्य सुरक्षा महामंडळाकडून तीन हजार जवान कंत्राटी पद्धतीने घेण्याचा निर्णय झाला. गेटवर, गार्डला, बॅरिकेडपाशी अशी माणसं उपयोगी पडतात आणि त्यांच्यामुळे नियमित शिपाई मोकळा होतो, हे मी मान्य करतो. पण मोकळा झालेला शिपाई पुन्हा बंदोबस्तातच जाणार असेल तर त्या पैशाने फिर्यादीच्या पदरात काही पडत नाही.

प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा असं सांगितलं, ते मी वरिष्ठ निरीक्षक होण्याच्या कितीतरी आधी. तो निकाल मी विभागीय परीक्षेसाठी पाठ केला होता. ड्यूटी चार्ट भरताना तो मला एकदाही आठवला नाही. समन्सवरचा, कोर्टातल्या पैरवीवरचा, मुद्देमालाचा माणूस बंदोबस्तासाठी उचलायचा नाही, असा नियम मी माझ्या ठाण्यापुरता, कोणाच्या परवानगीशिवाय, पहिल्या दिवसापासून पाळू शकलो असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. आता समन्स कुटुंबातल्या कुठल्याही प्रौढ व्यक्तीकडे देता येतं, 'पुरुष' हा शब्द गेला. एका शब्दाने समन्स हवालदाराची डोंगरावरची दुसरी चढण वाचली, फुकट. इलेक्ट्रॉनिक समन्सलाही मान्यता मिळाली आहे. जामीन मिळूनही पैशाअभावी आत राहणाऱ्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी मदत मिळू शकते. त्या मुलाच्या वेळी ती असती, आणि कोणी अर्ज भरून दिला असता, तर तो बाहेर राहून खटला लढला असता. देवनारच्याच टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कारागृहांत आणि पोलीस ठाण्यांत हेच काम करतो आहे. मी कधी त्यांना फोन केला नाही.

मोबाइलवर समन्स जाईल हे चांगलंच आहे. पण उपनगरातल्या वस्तीत मोबाइल नंबर चाळीपेक्षा वेगाने बदलतो, आणि सिमकार्ड अनेकदा मुलाच्या नाहीतर दिराच्या नावावर असतं. मेसेज पोचला नाही तर पुन्हा कोणीतरी चालत जावंच लागेल.

आमचे हवालदार निवृत्त होईपर्यंत समन्सवरच राहिले. मी बदलून गेलो तेव्हा माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला त्यांच्याबद्दल सांगून गेलो, त्याने ते पाळलं. आज त्या टेबलावर कोण आहे, मला माहीत नाही. तुम्ही अंधेरीत असा, बोरिवलीत, मुलुंडमध्ये की घाटकोपरमध्ये, तुमच्या ठाण्यात कधी गेलात तर समन्सला पूर्णवेळ माणूस आहे का, एवढं विचारा. फिर्याद दिली असेल आणि घर बदललं असेल, तर नवा पत्ता तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या.